परमेश्वराच्या दिवसाची घाई

पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांच्या इशारा पातळीला टेकलं की माझ्या मोबाईलवर दोन प्रकारचे निरोप यायला लागतात. एक जिल्हा प्रशासनाचे: कुठले बंधारे पाण्याखाली गेले, कुठला रस्ता बंद झाला, राधानगरीचे किती स्वयंचलित दरवाजे उघडले. दुसरे आत्याचे. त्यात मत्तयाच्या शुभवर्तमानाचा चोविसावा अध्याय असतो. नोहाच्या दिवसांत लोक खातपीत होते, लग्नं करत होते आणि मग जलप्रलय आला, हे वचन लाल अक्षरांत. खाली एक व्हिडिओ. त्यातले सूट-टायवाले गृहस्थ छातीठोकपणे सांगतात की आता फार दिवस राहिलेले नाहीत.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये त्या गृहस्थांनी काही सांगायची गरजच नव्हती. धोक्याची पातळी ४३ फुटांची, पाणी गेलं ५५ च्या वर. शिरोलीजवळ महामार्ग बंद, शहराचं बेट झालेलं, आणि उपसा केंद्रंच बुडाल्यामुळे चहूकडे पाणी असून नळाला थेंब नाही. पुढच्याच वर्षी कोरोना. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर. बायबलातलं शेवटचं, प्रकटीकरणाचं पुस्तक ज्यानं कधी उघडलं नाही त्यालाही जगाचे दिवस भरत आलेत असं वाटावं, असाच तो काळ होता. शेजारच्या काकू कलियुग म्हणाल्या, आत्या शेवटचा काळ म्हणाली, आणि दोघींनी मिळून पूरग्रस्तांसाठी भाकरी थापल्या.

आत्या निवृत्त नर्स आहे. मिशनच्या दवाखान्यात हयात गेली. प्रभू येशू ढगांवरून येणार, विश्वासणारे त्याला भेटायला वर उचलले जाणार, मागे राहिलेल्या जगावर सात वर्षांचं मोठं संकट येणार, ख्रिस्तविरोधक राज्य करणार, मग न्याय, हा सगळा क्रम तिला तोंडपाठ आहे. तरी तिनं पोस्टात पाच वर्षांची ठेव ठेवली. मी म्हटलं, "आत्या, प्रभू उद्या येणार म्हणतेस, आणि ठेव पाच वर्षांची?" त्यावर ती चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाली, "अगं, तो येईल तेव्हा येईल. तोवर व्याज बुडवू व्हय?"

मला हे उत्तर आवडतं. आत्याचं आणि माझं भांडण आहे ते व्हिडिओवाल्याच्या हिशेबावरून. ख्रिस्त पुन्हा येणार यावरून नाही. ते मीही म्हणते, दर रविवारी उपासनेत उभं राहून मतांगीकार म्हणताना म्हणते: तो जिवंतांचा आणि मेलेल्यांचा न्याय करायला येणार आहे. कॅथलिक, ऑर्थोडॉक्स, प्रोटेस्टंट, सगळ्यांचं इथवर एकमत आहे. फाटे फुटतात ते त्याच्या येण्याच्या आधी काय आणि नंतर काय यावर. प्रकटीकरणाच्या विसाव्या अध्यायात हजार वर्षांच्या राज्याचा उल्लेख येतो. कुणी म्हणतं ख्रिस्त त्या हजार वर्षांच्या आधी येणार, कुणी म्हणतं नंतर. पाचव्या शतकात धर्मशास्त्री ऑगस्टीननं सांगितलं की ही हजार वर्षं मोजायची नसतातच, मंडळीचा सध्याचा काळ हाच तो काळ. पाश्चात्त्य ख्रिस्ती जगानं पुढची हजारएक वर्षं बहुतांशी त्याचंच ऐकलं. ज्या पुस्तकावरून एवढे वाद, त्यावर प्रोटेस्टंट धर्मसुधारक कॅल्विननं भाष्यच लिहिलं नाही, आणि ऑर्थोडॉक्स मंडळ्या आजही उपासनेत त्यातून पाठ वाचत नाहीत. एवढी सावधगिरी व्हिडिओवाल्या गृहस्थांना झेपणारी नाही.

आत्याचा तो तोंडपाठ क्रम मुळात फार जुना नाही, हे आमच्याकडे बऱ्याच जणांना माहीत नसतं. विश्वासणारे आधी गुपचूप उचलले जातील आणि मग संकटाची वर्षं सुरू होतील, ही मांडणी १८३० च्या दशकात जॉन नेल्सन डार्बी या धर्मोपदेशकानं पसरवली. १९०९ मध्ये स्कोफिल्ड या अमेरिकन धर्मोपदेशकानं बायबलच्या पानांच्या तळाला टिपा देऊन ती छापली, आणि तळटीप वाचणाऱ्यांना ती मूळ वचनाइतकीच पवित्र वाटू लागली. कोल्हापुरात शुभवर्तमान आणणारे अमेरिकन प्रेस्बिटेरियन ज्या परंपरेतले, तिचा सतराव्या शतकातला वेस्टमिन्स्टर मतांगीकार शेवटच्या न्यायाबद्दल अगदी थोडक्यात बोलतो. तो दिवस नक्की आहे, पण कधी ते ख्रिस्तानं मुद्दाम झाकून ठेवलंय, माणसांनी निर्धास्त न होता जागं राहावं म्हणून. शेवटी एक प्रार्थना: प्रभू येशू, लवकर ये. संपलं. ना तक्ता, ना सात वर्षांचं गणित.

पण आत्याला हे ऐकवताना माझी जीभ जरा अडखळते. उचललं जाण्याचं वचन येतं ते पौलाच्या थेस्सलनीकाकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात, चौथ्या अध्यायात. ते लिहिलंय कशासाठी? तिथल्या मंडळीतली काही माणसं वारली होती. ख्रिस्त यायच्या आत मेलेल्यांचं काय, ते मुकले का, या विचारानं मागचे झुरत होते. पौल त्यांना सांगतो की मेलेले आधी उठतील, मग आपण जिवंत उरलेले त्यांच्याबरोबर जाऊ. आणि पुढे, या शब्दांनी एकमेकांचं सांत्वन करा. काका गेले तेव्हा आत्यानं दफनाच्या वेळी हाच भाग वाचायला सांगितला होता. व्हिडिओवाला याच वचनावरून विमानं कोसळण्याची चित्रं दाखवतो. आत्या मात्र 'त्यांच्याबरोबर' या शब्दाशी थांबते. डार्बीचा इतिहास तिथे सांगून काय उपयोग?

भविष्य सांगण्याचं म्हणाल तर आपल्या जिल्ह्याला ते नवीन नाही. हातकणंगले तालुक्यात पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाची यात्रा भरते. धनगरी ढोलांचा कडकडाट, भंडाऱ्यानं पिवळं झालेलं आभाळ, आणि फरांडे बाबांची भाकणूक. पाऊसपाणी कसं, पिकाची धारण काय, रोगराई येईल का, राजकारणात काय उलथापालथ होईल, हे ऐकायला कर्नाटकापासून माणसं येतात आणि दुसऱ्या दिवशी पेपरात ते छापून येतं. माझ्या शाळेतले एक सहकारी दरवर्षी जातात. मी इतिहास शिकवते, ते गणित. त्यांनी एकदा मला सरळ विचारलं, "मॅडम, तुमच्या बायबलातले संदेष्टे म्हणजे भाकणूकवालेच की नाही?"

मी आमोसाचं नाव घेतलं, कारण तो त्यांना लगेच कळण्यासारखा होता. आमोस मेंढपाळ. तकोवा गावचा, उंबराच्या झाडांची निगा राखणारा. काळ ख्रिस्तपूर्व आठव्या शतकाचा, दुसऱ्या यराबाम राजाचा, भरभराटीचा. हा माणूस दक्षिणेकडचं आपलं गाव सोडून उत्तरेच्या राज्यात बेथेलला गेला, राजाच्या पूजास्थानी उभा राहिला आणि श्रीमंतांची लक्तरं काढू लागला. तुम्ही हस्तिदंती पलंगांवर लोळता. माप लहान करता, किंमत मोठी करता, खोटे तराजू लावता, गव्हाबरोबर भूसही विकता. चपलेच्या एका जोडासाठी गरिबाला विकता. (हे वाक्य कोल्हापुरात वाचताना कानाला वेगळंच लागतं.) तिथला याजक अमस्या त्याला म्हणाला, तुझ्या मुलखात चालता हो, तिथे संदेश दे, तिथे भाकरी कमव. त्यावर आमोसाचं उत्तर: मी संदेष्टा नाही, संदेष्ट्याचा मुलगाही नाही. मी मेंढरांमागे होतो, तिथून परमेश्वरानं मला घेतलं.

गणिताचे सर हसले. म्हणाले, "म्हणजे धनगरच की." मग थोड्या वेळानं, "पण यात पुढचं कुठं सांगितलंय?" सांगितलंय. देश पडेल, लोक बंदिवासात जातील, असं आमोस बजावतो, आणि ख्रिस्तपूर्व ७२२ च्या सुमारास अश्शूरच्या फौजांनी उत्तरेच्या राज्याची राजधानी शोमरोन घेतलीही. पण त्याच्या पुस्तकात ते 'होणार आहे' पेक्षा 'तुम्ही हे ओढवून घेताय' या सुरात येतं. पुढचं सांगणं हा त्याच्या आरोपपत्राचा शेवटचा परिच्छेद आहे.

याच आमोसाच्या पाचव्या अध्यायात 'परमेश्वराचा दिवस' येतो. बायबलच्या लेखी संदेशांत तो इतक्या आधी दुसरीकडे क्वचितच सापडेल. ऐकणाऱ्यांना तो दिवस हवाच होता. देव येईल, शत्रूंना चिरडेल, आपली सरशी होईल. आमोस म्हणतो, त्या दिवसाची आस धरणाऱ्यांनो, तुमची धडगत नाही. तो अंधार आहे, उजेड नाही. कुणी सिंहापासून पळावं तर अस्वल गाठावं, घरात शिरून भिंतीवर हात टेकावा तर सापानं डसावं. माझ्या मते शेवटच्या काळाबद्दलचा प्रत्येक व्हिडिओ सुरू होण्याआधी हा उतारा सक्तीनं दाखवायला हवा, सिगारेटच्या पाकिटावरच्या चित्रासारखा.

प्रकटीकरण वाचतानाही मी हाच धनगर शेजारी बसवते. ते लिहिणारा योहान पात्म बेटावर आहे, देवाच्या शब्दासाठी शिक्षा भोगतोय, आणि आशिया प्रांतातल्या सात खऱ्याखुऱ्या शहरांतल्या मंडळ्यांना लिहितोय: इफिस, स्मुर्णा, पर्गम, थुवतीरा, सार्दीस, फिलदेल्फिया, लावदिकीया. बहुतेक अभ्यासक हा काळ सम्राट डोमिशियनचा, पहिल्या शतकाच्या शेवटचा धरतात. रोमच्या सम्राटाला देव म्हणायचं की नाही, हा त्यांच्यापुढचा रोजचा प्रश्न होता, आणि बाजारातली पत त्यावर अवलंबून होती. तेराव्या अध्यायातलं श्वापद आणि त्याची ६६६ ही संख्या अशा जगातली आहे. त्या काळी अक्षरांनाच अंकांची किंमत असे. 'नेरोन कैसर' म्हणजे सम्राट नीरो. हे नाव हिब्रू अक्षरांत लिहून बेरीज केली की ६६६ येतात. काही जुन्या हस्तलिखितांत ६१६ आहे, आणि नावाच्या लॅटिन रूपाप्रमाणे 'नेरोन'मधला शेवटचा 'न' गाळला की नेमके तेवढेच उरतात. ख्रिस्ती लोकांचा छळ करून मेलेला नीरो पुन्हा येतोय ही भीती तेव्हा खरोखरच हिंडत होती.

आमच्याकडे ही संख्या आधी बारकोडवर सापडली, मग आधार कार्डावर, मग लसीत. २०२१ मध्ये ओळखीची काही माणसं लस घ्यायला तयार नव्हती, श्वापदाची खूण अंगात जाईल म्हणून. इथे आत्यानं कुणाचं ऐकलं नाही. पदर खोचून ती घरोघर गेली. "आयुष्यभर सुया टोचल्यात मी, सैतान कुठल्या सुईतनं जातो आणि कुठल्या नाही ते मला सांगू नका," असं तिनं एका पाळक साहेबांनाही सुनावलं. ते नंतर केंद्रावर रांगेत उभे दिसले.

माझं मन रेंगाळतं ते पुढे, अठराव्या अध्यायाशी. बाबेल नगरी पडते आणि तिच्यासाठी व्यापारी रडतात, आता आमचा माल कोण घेणार म्हणून. मग मालाची यादी येते, गुजरीतल्या आणि शाहूपुरीतल्या कुठल्याही दुकानदाराला ओळखीची वाटावी अशी: सोनं, रुपं, हिरे, मोती, तलम कापड, रेशीम, हस्तिदंत, पितळ, लोखंड, दालचिनी, धूप, तेल, सपीठ, गहू, गुरं, मेंढरं, घोडे, रथ. आणि यादीच्या अगदी तळाशी, गुलाम. माणसांचे जीव. चपलेच्या जोडावरून योहान आमोसापर्यंत सरळ पोचतो. ६६६ वर रात्री जागवणाऱ्यांपैकी कुणी ही यादी मोठ्यानं वाचल्याचं मला आठवत नाही.

तारखा काढणाऱ्यांची कहाणी तर सांगून संपणारी नाही. अमेरिकेतला विल्यम मिलर हा शेतकरी. त्यानं बायबलातल्या दानीएलाच्या पुस्तकाच्या आठव्या अध्यायातले २,३०० दिवस म्हणजे तितकी वर्षं धरून हिशेब केला. शेवटी २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख ठरली. काहींनी उभी पिकं काढली नाहीत. दुसऱ्या दिवशी सूर्य नेहमीच्या जागी उगवला. त्या हिरमुसल्या माणसांतूनच पुढे सेव्हन्थ डे अ‍ॅडव्हेंटिस्ट मंडळी १८६३ मध्ये रीतसर उभी राहिली. न्यूटननंही दानीएल आणि प्रकटीकरणावर ढीगभर लिहून ठेवलं. २०६० च्या आधी शेवट होणार नाही असं एका कागदावर लिहिताना, उठसूट तारखा देणाऱ्यांची तोंडं बंद व्हावीत एवढाच हेतू असल्याचंही त्यानं नमूद केलं. तोंडं बंद झाली नाहीत. १९४८ ला इस्राएल देश झाला, एक पिढी चाळीस वर्षांची, म्हणजे १९८८, हे गणित माझ्या शाळेच्या दिवसांत आमच्या घरीही पोचलं होतं.

त्याच १८६३ सालच्या ऑगस्टमध्ये आपल्या कोल्हापुरात एक मूल जन्मलं. रॉयल वाइल्डर हे मिशनरी १८५२ मध्ये इथे आले, शाळांवरून स्वतःच्याच मिशन बोर्डाशी भांडले, कारण त्यांना शाळा हव्या होत्या आणि बोर्डाला त्यांवरचा एवढा भर मान्य नव्हता. त्यांच्या नावाचं चर्च शहरात आहे. त्यांचा मुलगा रॉबर्ट. पुढे प्रिन्स्टनला शिकताना तो आणि त्याची बहीण ग्रेस घरी एकत्र प्रार्थना करत, परदेशी मिशनसाठी हजार तरुण मिळावेत म्हणून. १८८६ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत माउंट हर्मनला धर्मप्रचारक मूडी यांनी भरवलेल्या विद्यार्थी शिबिरात शंभर जणांनी नावं दिली, आणि त्यातून जी चळवळ उभी राहिली तिची घोषणा होती: याच पिढीत साऱ्या जगाला शुभवर्तमान. या घोषणेमागे अनेकांच्या मनात मत्तय चोवीसचंच एक वचन होतं, की सर्व राष्ट्रांत शुभवर्तमान सांगितलं जाईल आणि मग शेवट होईल. काहींना ती सरळ ख्रिस्ताला परत आणण्याची घाई वाटली. चळवळीचे नेते जॉन मॉट यांना मात्र लिहून सांगावं लागलं की हे भाकीत नव्हे, जे करता येईल आणि करायला हवं त्याची ही आठवण आहे.

इथेच मला कोडं पडतं. जग लवकर संपणार असं मानणाऱ्या माणसांनी दगडी इमारती का बांधल्या असतील? ज्याला पिढीभराचाच वेळ आहे असं वाटतं, तो मुलींना बाराखडी का शिकवतो, नर्सिंगची शाळा का काढतो? ग्रेस शिकून सवरून परत आली ती याच मुलखात, आईबरोबर, काम करायला. कुणाची मतं तपासली तर कदाचित विसंगती सापडेल, पण यिर्मया संदेष्ट्याच्या बत्तिसाव्या अध्यायात तिचा जुना दाखला आहे. यरुशलेमला बाबेलच्या फौजेचा वेढा पडलाय, यिर्मया स्वतः पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत आहे, नगर पडणार हे त्यानंच सांगितलंय. आणि तो चुलत भावाकडून अनाथोथचं शेत विकत घेतो. सतरा शेकेल रुपं तोलून देतो, खरेदीखत करतो, साक्षीदारांच्या सह्या घेतो, मोहोरबंद प्रत आणि उघडी प्रत दोन्ही मातीच्या मडक्यात घालायला सांगतो, पुष्कळ दिवस टिकावीत म्हणून. सातबारावरून भाऊबंदकी करणाऱ्या आपल्या मुलखाला यातला प्रत्येक तपशील कळतो. आत्याला मी हा अध्याय वाचून दाखवला तेव्हा तिनं एवढंच विचारलं, "शेत शत्रूच्या ताब्यात असताना घेतलं? मग भाव पाडून मागितला असणार."

२०२३ च्या ऑक्टोबरपासून मात्र आमच्यातली थट्टामस्करी आटली. आत्याच्या ग्रुपवर रोज गाझाच्या बातम्या यायच्या, आणि खाली 'वचन पूर्ण होत आहे', टाळ्यांची चित्रं, हालेलुया. १९ ऑक्टोबरला गाझा शहरातल्या सेंट पॉर्फिरियस या प्राचीन चर्चच्या आवारातली इमारत इस्रायली हवाई हल्ल्यात कोसळली आणि आसऱ्याला आलेली माणसं, लहान मुलं, त्याखाली गेली. ती बातमी त्या ग्रुपवर आलीच नाही. तक्त्यात तिला जागा नव्हती. त्या बुधवारी बायकांच्या शास्त्राभ्यासात माझी पाळी होती. मी ठरलेला भाग बाजूला ठेवला आणि आमोसाचा पाचवा अध्याय वाचला, सिंह, अस्वल, साप, सगळं. कुणी जळत असताना तो उजेड आपल्यासाठी आहे असं मानणाऱ्यांबद्दल मला जे वाटतं तेही बोलले, जरा जास्तच तिखट. दोघीतिघी खाली बघत राहिल्या.

आत्या बाहेर येईपर्यंत काही बोलली नाही. रिक्षात बसल्यावर म्हणाली, "आमोस किती अध्यायांचा?"

"नऊ."

"नववा का वाचला नाहीस?"

नवव्याच्या शेवटी आमोसाचा सूर पालटतो. नांगरणारा कापणाऱ्याला गाठील एवढं पीक येईल, ओसाड नगरं पुन्हा बांधून लोक त्यात राहतील, मळे लावतील आणि स्वतः फळं खातील, पुन्हा कधी आपल्या भूमीतून उपटले जाणार नाहीत. मी म्हटलं, हेच वचन ते व्हिडिओवाले १९४८ ला चिकटवतात, म्हणून टाळलं.

"त्यांनी चिकटवलं म्हणून तू सोडून द्यायचं?" आत्या म्हणाली. "अगं, घर बांधावं आणि त्यात राहायला मिळावं, झाड लावावं आणि फळ खायला मिळावं, कुणी उपटू नये. हे आजवर कुणाला मिळालंय? गाझातल्यांना? पुरातल्यांना? दवाखान्यात माझ्या हातावर गेलेल्यांना? न्यायाचं तू सांगितलंस ते बरोबर आहे. पण न्याय माणसं करतील एवढ्यावरच थांबायचं असेल तर ती माणसं कुठायत दाखव मला. मी वाट बघते ती याची. तारखेची नव्हे."

मी म्हटलं की वाट बघणं आणि टाळ्या वाजवणं यात फरक आहे. ती म्हणाली, तो तिला कळतो, टाळ्यांचं चित्र तिनं कधी टाकलेलं नाही, हवं तर मोबाईल बघ. मग रिक्षावाल्याला दसरा चौकात थांबायला सांगत माझ्याकडे वळली. "पुढच्या बुधवारी नववा घे. बायका मला विचारणार, आणि मला त्यांना उत्तर द्यायचंय."